लेगबाय

नातवानं लावून दिलं. म्हणाला, आजोबा, आता काहीही विचारा.
मी विचारलं:
जेवणाच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या षटकात
यष्टिचीत झालेले डावखुरे किती?
पापणी लवायच्या आत अकरा नावं,
तारखेसकट, मैदानासकट.
अकरा!
पोलोग्राउंडच्या वीज मंडळात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या मीटरचे आकडे तपासले मी,
आणि रात्री याच डावखुऱ्यांसाठी
वार्षिकांकांचे गठ्ठे उपसले.
सातच सापडले होते.

मग आठवडाभर झोप नाही.
ही म्हणते, एक तर जेवा, नाही तर मोजा.
शून्यावर धावचीत झालेले कर्णधार,
बाप आणि मुलगा, दोघांनाही बाद करणारा एकच गोलंदाज,
कुणाला काय उपयोग याचा, विचारू नका.
गणपतीपुढे दूर्वा मोजतात, तेव्हा विचारता का?

आणि शुक्रवारी, रात्री पावणेबाराला,
मीच मला सापडलो.

बहात्तरचा जानेवारी, यशवंत क्लबचं मैदान, दुसरा डाव.
कोपऱ्यात पिवळा त्रिकोण:
'दोन स्कोअररांच्या वह्या जुळत नाहीत. फरक: १.'

पाहुण्यांचा स्कोअरर डबीर, नागपूरचा,
मफलर कानांवरून, पेन्सिल सुईसारखी.
त्याच्या वहीत लेगबाय पाच.
माझ्या वहीत चार,
आणि अकराव्या नंबरच्या हबीब मन्सूरीपुढे
एक.

हबीब मालवा मिलमध्ये साच्यावर.
आमचा तेज गोलंदाज तापानं पडला म्हणून आणलेला,
बूट उसने, पुढे कापूस कोंबलेला.
पहिल्या डावात पहिल्याच चेंडूवर त्रिफळा.
दुसऱ्यात चेंडू पॅडवर आदळला,
ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आवाज,
बॅटचा नव्हेच,
आणि हा जीव घेऊन पळाला.
पंचानं गुडघा उचलून त्यावर हात टेकवला, माझ्याकडे बघत.
मी हात वर केला: समजलं.
आणि हबीबपुढे एक लिहिला.

का, ते तेव्हाही नीट माहीत नव्हतं.
षटक संपल्यावर डबीरनं बेरीज विचारली. एकूण जुळत होतं.
त्यानं माझ्या वहीत एकदा डोकावून पाहिलं,
थर्मासचं झाकण फिरवलं,
म्हणाला, "चहा घेता?"

मिल बंद पडल्यावर जुन्या रिसाल्यात त्याचं शिलाईचं दुकान.
माझी पँट कमरेत सैल करताना, तोंडात टाचण्या,
"रेकॉर्ड में एक तो है ना, भिया."
बॅट त्याच्याच हातात होती त्या दिवशी.
आवाज त्यालाही ठाऊक होता.

आता तिथे लिहिलंय:
सामने एक, डाव दोन, नाबाद एकदा, धावा एक, सरासरी एक.
गेल्याची तारीखही आहे. ती मला माहीत नव्हती.

मी, ज्यानं चाळीस वर्षं वार्षिकांकवाल्यांना पोस्टकार्डं धाडली,
पृष्ठ दोनशे बारा, बेरीज चुकली आहे, कळावे,
त्या मी 'दुरुस्ती सुचवा' दाबलं.

नाव: पुरुषोत्तम ताटके, इंदूर.
मजकूर: ही धाव फलंदाजाची नाही. चेंडू पॅडला लागला होता.
पुरावा: मी तिथे होतो. वही मीच लिहिली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. नम्र.
'यजमान संघाची मूळ वही प्रमाण मानली जाते.
तीत ही धाव फलंदाजाच्या नावे स्पष्ट आहे.
केवळ आठवणीवरून बदल करता येत नाही.
आस्थेबद्दल आभार.'

चष्मा पुसून मी वहीचं ते पान मोठं करून पाहिलं.
उभा, सरळ एक. कुठे खाडाखोड नाही.
अक्षर चांगलं होतं तेव्हा माझं.